दोनशे बेचाळीस जनावरांचा मालक

"तुमच्या कम्प्युटरच्या मते," जनावरांच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, "आमच्या गेटवरच्या वॉचमनच्या मालकीची दोनशे बारा कुत्री आहेत. एकोणतीस मांजरं आहेत. आणि एक घोडा."

"घोडा?" चौकोनरावांनी चष्मा काढून पुसला, जणू घोडा काचेवरच बसला होता.

"तपकिरी," कोपऱ्यातून नोंदणीबाई म्हणाल्या. "डाव्या पायाला पांढरा मोजा."

"बाई, रंग नाही विचारला त्यांनी."

"फॉर्ममध्ये विचारतात, म्हणून सांगितलं."

डॉक्टरांनी एक कागद टेबलावरून असा सरकवला, की तो थेट चौकोनरावांच्या पोटाला लागला. परवाना खात्याची नोटीस होती. दहाहून जास्त जनावरं पाळायची तर परवाना लागतो. वॉचमनकडे दोनशे बेचाळीस होती आणि परवाना एकही नव्हता. तेव्हा 'विनापरवाना प्राणिपैदास' केल्याबद्दल त्याला नोकरीवरून का काढू नये, याचा खुलासा आज दुपारी तीन वाजता करायचा होता. नोकरी गेली की गेटमागची खोलीही जाणार होती. खाली तपासनिसाचा अहवाल जोडला होता. तो गेल्या आठवड्यात खोली बघून गेला होता. खोलीत त्याला एक खाट, एक स्टोव्ह आणि एक बादली सापडली. त्यानं शेरा मारला होता: 'तपासणीची कुणकुण लागल्याने जनावरे अन्यत्र हलवली असावीत.'

"हलवली," डॉक्टर म्हणाले. "एका माणसानं. सायकलवरून. घोड्यासकट."

"डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तसंच मी आखलंय," चौकोनराव म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून कागदाची सुरळी काढली. "ही तुमची सही."

डॉक्टरांनी सहीकडे असं बघितलं, की जणू शेजाऱ्याच्या कार्ट्याकडे बघतायत.

चौकोनरावांचं खरं नाव खात्यात फक्त हजेरीपत्रकाला माहीत होतं. शहराच्या कम्प्युटर खात्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. प्रोग्रॅम लिहिणारे नंतर येतात, त्यांच्या आधी जाऊन माणसांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचं चित्र काढायचं. कुठल्या वस्तूंची नोंद ठेवायची, त्या प्रत्येकीला एक चौकोन. दोन चौकोनांचं एकमेकांशी नातं काय, त्यासाठी मधे पतंगाच्या आकाराचं एक खोकं. मग रेषा. रेषेच्या टोकाशी लिहायचं, एक की अनेक. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे ते नातं असायलाच हवं, की नसलं तरी चालतं, ते ठरवणं. असायलाच हवं तर रेषेवर एक आडवी दांडी. नसलं तरी चालत असेल तर मोहरीएवढा गोळा. बस्स. एवढ्यावर पुढे शेकडो टेबलं, हजारो फॉर्म आणि लाखो माणसांच्या डोक्याचा ताप उभा राहतो.

चित्र काढणं सोपं होतं. माणसांकडून 'किती' या प्रश्नाचं उत्तर काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. ग्रंथालयात त्यांनी विचारलं, एका पुस्तकाला लेखक किती? ग्रंथपाल म्हणाला, "चांगल्याला एक." अग्निशमन दलात विचारलं, एका आगीला बंब किती? तिथला प्रमुख म्हणाला, "आग कुणाच्या घराला लागलीय त्यावर आहे." जन्मनोंदणीच्या कार्यालयात त्यांनी विचारलं, एका मुलाला आई किती, तर कारकुनानं खुर्ची मागे सरकवून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. घरी बायको शेजारणीला सांगायची, "अहो, चपला कुठे काढल्यात, एवढंच विचारलं मी. हे म्हणतात, एका जोडीला जागा एकच असते, असं तू गृहीत धरतेस का."

अशा माणसांकडून लचके तोडून घेत घेत चौकोनराव एक गोष्ट शिकले होते. चित्र पूर्ण झालं की समोरच्याची सही घ्यायची. त्या सहीच्या जोरावर एकतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता. निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

या दवाखान्याचं चित्रही याच खोलीत काढलं होतं. पाच महिन्यांपूर्वी.

"एका जनावराला मालक किती?" त्यांनी विचारलं होतं.

"एक," डॉक्टर म्हणाले होते.

"दोन भावांची मिळून एक म्हैस असेल तर?"

"तर भाऊ भांडतात आणि म्हैस मरते. एकच लिहा."

"आणि मालकच नसेल असं?"

"मालक नाही, तर जनावर इथपर्यंत येईल कसं? चालत?" डॉक्टर स्वतःच्याच विनोदावर हसले होते, आणि साहेब हसले म्हणून नोंदणीबाईही.

चौकोनरावांनी रेषेवर दांडी मारली. प्रत्येक जनावराला एक आणि एकच मालक असायलाच हवा. सही.

"मग हे दोनशे बेचाळीस झालं कसं?" आता त्यांनी नोंदणीबाईंना विचारलं.

नोंदणीबाई या प्रश्नाचीच वाट बघत होत्या. "सर, पहिल्याच दिवशी एक लंगडी कुत्री आली. आली म्हणजे आली, आपली आपण. पायात खिळा. डॉक्टरसाहेब म्हणाले, आधी नोंद, मग उपचार. मी मालकाची जागा रिकामी ठेवली. तुमचा कम्प्युटर म्हणाला, मालक भरा. मी 'नाही' लिहिलं. तो म्हणाला, आडनाव भरा. मी 'नाही नाही' लिहिलं."

"मग?"

"मग म्हणाला, फोन नंबर. मग म्हणाला, ओळखपत्र. कुत्री तिकडे विव्हळतेय, इकडे हा नाही नाही यांचं ओळखपत्र मागतोय. तेवढ्यात वॉचमनमामा चहा घेऊन आले. मी म्हटलं, मामा, तुमचं कार्ड द्या जरा, एका मिनिटाचं काम आहे."

"आणि नंतरच्या दोनशे एक्केचाळीस वेळा?"

"नंतर कार्ड मागायचीही गरज नव्हती," नोंदणीबाई अभिमानानं म्हणाल्या. "पहिलं अक्षर टाकलं की त्यांचं नाव आपोआप यायचं. ती सोय फार छान केलीय हो तुम्ही."

"आणि घोडा?"

"जाहिरातीचं शूटिंग करणारे सोडून गेले होते त्याला. आठवड्यानं येऊन घेऊनही गेले. पण घेऊन गेल्याची नोंद कुठे करायची, ते तुमच्या फॉर्ममध्ये नाही."

चौकोनरावांच्या कपाळाची शीर उडायला लागली. हे नेहमीचंच होतं. तुम्ही रस्ता आखता आणि लोक कुंपणाला भोक पाडून जातात. वर भोक किती छान आहे, ते तुम्हालाच सांगतात. ते तडक गेटवर गेले.

वॉचमनमामा स्टुलावर बसून मोबाइलकडे बघत होते. वय चौकोनरावांच्याच आसपास, पाठ मात्र त्यांच्याहून ताठ.

"मामा, तुम्ही बोलला का नाहीत? तुमच्या नावावर काय काय चढतंय, हे कळत नव्हतं का?"

"कळत होतं की. मेसेज येतात ना साहेब." मामांनी फोन पुढे केला. "हे बघा. 'प्रिय मालक, आपल्या जनावराच्या लसीची तारीख उद्या आहे. कृपया वेळेवर हजर राहावे.' रोज पाच-सहा येतात. एके दिवशी सतरा आले."

"मग तुम्ही काय करायचात?"

"हजर राहायचो."

"म्हणजे?"

"म्हणजे घेऊन यायचो." मामांना या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "मेसेजमध्ये नंबर असतो. बाईंना विचारलं की त्या सांगतात, तपकिरी, कान फाटका. मग मला कळतं, हा बेकरीच्या मागचा. ड्युटी सुटली की जातो. पाव दाखवला की येतात. काही येत नाहीत, त्यांना पोत्यात घालून आणायला लागतं." त्यांनी बाही वर केली. कोपरापर्यंत ओरखडे होते. "मांजरं जरा नाठाळ असतात."

"मामा, ते मेसेज मशीन पाठवतं. तुम्ही मालक नाही आहात."

"ते माहितीये. पण बोलावलं तर होतं ना मलाच. दुसरं कुणाला बोलावलं होतं?"

चौकोनरावांनी फोन त्यांच्या हातात परत दिला.

"घोड्याच्या खुरांचा मेसेज आला तेव्हा मात्र पंचाईत झाली," मामा म्हणाले. "शूटिंगवाल्यांचा पत्ता शोधत दोन बस बदलून गेलो. त्यांनी हाकलून दिलं."

आत डॉक्टरांच्या खुर्चीमागे एक मोठं प्रशस्तिपत्र टांगलेलं चौकोनरावांनी मघाशी बघितलं होतं. मोकाट जनावरांच्या लसीकरणात शहरात पहिला क्रमांक. ते कुणाच्या ओरखड्यांतून आलं, हे आता त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा वैताग दुप्पट झाला. मोकाट जनावरं प्रशस्तिपत्राच्या वेळी होती. चित्राच्या वेळी मात्र नव्हती.

"तरी मी तेव्हा म्हटलं होतं," मामा सहज म्हणाले. "तुम्ही चित्र काढत होतात तेव्हा. मी चहा आणला होता."

"काय म्हटलं होतंत?"

"मोकाट येतात, आणि चालतच येतात. तुम्ही म्हणालात, मामा, थांबा जरा, डॉक्टरांचं होऊ दे."

चौकोनरावांना आठवलं नाही. म्हणजे आठवू नये असं त्यांना फार वाटलं. झाडाखालच्या बाकावर बसून त्यांनी सुरळी उलगडली. कागदाच्या उजव्या समासात, डॉक्टरांच्या सहीपासून चार बोटांवर, पेन्सिलीनं त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'वॉ. म्हणतो मोकाट येतात. गौण.'

गौण. खाली एक रेघसुद्धा मारली होती, पट्टीनं.

तेवढ्यात त्यांच्या खात्याच्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. "सही आहे ना तुमच्याकडे? मग झालं. कागद दाखवा आणि निघा. चूक दवाखान्याची. तुमचे अकरा महिने राहिलेत, उगाच शेरा कशाला ओढवून घेता?"

"मॅडम, पण वॉचमन..."

"वॉचमनचं त्याचं खातं बघेल. तुम्ही तुमच्या चौकोनात राहा."

फोन बंद झाला. चौकोनरावांच्या पिशवीत खोडरबर होतं. खोडरबर कायमच असायचं, तो त्यांच्या धंद्याचा भाग होता. जेमतेम पाच शब्द, पेन्सिलीचे. फुंकर मारली की गेले असते. समास स्वच्छ, सही ठसठशीत, आणि समोर एक वॉचमन, ज्यानं कधी काही म्हटलंच नव्हतं. खोडरबर हातात घेऊन ते पाच मिनिटं बसले. मग स्वतःवरच चिडून त्यांनी ते पिशवीच्या तळाशी, डब्याच्या खाली कोंबलं, आणि पिशवीची चेन लावून टाकली.

तीन वाजता सुनावणी सुरू झाली. तपासनीस सडपातळ आणि व्यवस्थित होता. त्यानं टेबलावर पेन, फाइल आणि घड्याळ एका ओळीत मांडलं.

"जनावरं कुठे हलवलीत?" त्यानं मामांना विचारलं.

"हलवली नाहीत, साहेब. जिथली तिथेच आहेत."

"कुठे?"

"काही बेकरीच्या मागे. काही शाळेच्या भिंतीला. चप्पल दुरुस्तीवाल्याच्या पायरीवर चार."

तपासनिसानं लिहून घेतलं. "म्हणजे तीन ठिकाणी शाखा आहेत."

मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. चौकोनराव उठले आणि त्यांनी कागद तपासनिसापुढे पसरला.

"ही चूक आहे," ते म्हणाले. "ही दांडी. इथे गोळा हवा होता."

"कसला गोळा?"

"मालक नसला तरी चालतो, असा गोळा. तो नव्हता, म्हणून कम्प्युटर मालक मागत राहिला आणि यांचं नाव लागत गेलं. यांची एकही नाही."

तपासनिसानं कागदावर नाक टेकवलं. "एवढ्याशा दांडीनं?"

"एवढ्याशाच."

"पण इथे डॉक्टरांची सही आहे. त्यांनी मान्य केलंय."

मोठ्या डॉक्टरांची मान खिडकीतून झर्रकन आत आली. चौकोनरावांनी समासावर बोट ठेवलं. "हे अक्षर माझं आहे. मला सांगितलं होतं. सांगणारा वॉचमन होता, म्हणून मी ते गौण ठरवलं."



"म्हणजे चूक तुमची," तपासनीस म्हणाला.

"हो."

"लेखी द्याल?"

"द्या कागद."

तपासनिसाला लेखी मिळालं, की त्याची कुणाबद्दलच तक्रार नसायची. ते पत्र चौकोनरावांच्या खात्याकडे जाणार होतं. तिथे त्याला लाल शाई लागणार होती, हे खोलीतल्या सगळ्यांनाच कळत होतं. वॉचमनची नोटीस मागे घ्यायला एकच अट होती. रेकॉर्ड तपासनिसासमोर दुरुस्त व्हायला हवं. चौकोनरावांनी प्रोग्रॅमवाल्याला फोन लावला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एखादी दुरुस्ती वीस मिनिटांत झाली. दांडी गेली, गोळा आला. मग नोंदणीबाईंनी एक बटण दाबलं आणि पडद्यावरच्या दोनशे बेचाळीस ओळींत मालकाची जागा वरपासून खालपर्यंत पांढरी झाली.

"अभिनंदन," तपासनीस घड्याळ मनगटावर चढवत म्हणाला. "आता तुमच्या नावावर एकही जनावर नाही."

"बरं," मामा म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी मामांची पाठ थोपटली आणि ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, की शेवट गोड झाला. मग ते राउंडला गेले.

चौकोनराव गेटबाहेर पडत होते, तेव्हा मामांनी हाक मारली.

"साहेब, आता मेसेज येणार नाहीत?"

"नाही. त्रास संपला तुमचा."

"त्या लंगड्या भुरीची तारीख बुधवारी आहे."

"असेल."

"मग तिचा मेसेज कुणाला जाणार?"

चौकोनराव थांबले. मालक नाही, म्हणजे फोन नंबर नाही. फोन नंबर नाही, म्हणजे मेसेज नाही. चित्र आता बिनचूक होतं. बिनचूक चित्रात भुरीला बोलावणारं कुणीही नव्हतं.

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन केला. मालकाशेजारी 'सांभाळणारा' असा आणखी एक चौकोन हवा, ते म्हणाले. एका जनावराला सांभाळणारे अनेक, एका सांभाळणाऱ्याची जनावरं अनेक, आणि मेसेज त्याला. फार तर चार दिवसांचं काम. मॅडमना पत्राची बातमी आधीच लागली होती, त्यामुळे त्यांचा आवाज थंडगार होता.

"कर्मचाऱ्याला मेसेज गेला की ते काम ठरतं. काम ठरलं की पद लागतं. पद लागलं की मंजुरी. अर्ज करा, पुढच्या वर्षीच्या यादीत बघू. आणि तुम्ही पुढच्या वर्षी नसाल."

चौकोनरावांनी फोन खिशात टाकला. मामांनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. ते आपल्या खोलीत गेले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नोंदीची एक जुनी वही होती, मागची पानं कोरी. ती त्यांनी स्टुलावर ठेवली आणि पट्टीनं तीन रकाने आखले. राहण्याची जागा. ओळख. तारीख.

"बाई साडेपाचला कम्प्युटर बंद करतात," ते म्हणाले. "तुम्ही वाचून दाखवाल का? मला पडद्यावरचं लवकर दिसत नाही."

चौकोनराव परत आत गेले. नोंदणीबाईंनी पडदा खिडकीकडे वळवून दिला. मामा बाहेर खिडकीखाली बसले आणि चौकोनराव आतून एकेक ओळ वाचायला लागले. रंग, कान, शेपूट, तारीख. जागा मात्र मामांना तोंडपाठ होती. मधूनच ते म्हणायचे, "ही सोडा, ही गेली," आणि चौकोनराव ओळ सोडायचे.

"काळा, छातीवर पांढरा ठिपका. सोमवार."

मामांनी लिहिलं: चप्पलवाल्याची पायरी.

"काळीच. शेपूट अर्धी. सोमवार."

चप्पलवाल्याची पायरी, मामांनी पुन्हा लिहिलं, पहिल्याइतकंच सावकाश, काना-मात्रेसकट. तिसऱ्या वेळीही लिहिलं. पायरी एकदाच लिहून तिला एक आकडा द्यायचा आणि पुढे नुसता आकडा टाकायचा असतो, हे चौकोनरावांनी एकतीस वर्षं नव्या पोरापोरींना घसा कोरडा करून शिकवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

मामा मान वर करून पेन्सिल धरून थांबले होते.

"भुरी," चौकोनराव म्हणाले. "उजवा पाय अधू. बुधवार." आणि मामांचं 'चप्पलवाल्याची पायरी' चौथ्यांदा लिहून होईपर्यंत, बोट पुढच्या ओळीवर धरून ते थांबून राहिले.